बांधलेले हात : वृद्ध रुग्णाच्या शुश्रूषेविषयी एक संवाद

वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेतील अडचणींची चर्चा बहुधा अपुरे मनुष्यबळ, तुटपुंजे वेतन आणि प्रशिक्षणाचा अभाव या तीन मुद्द्यांभोवती फिरते, आणि हे तिन्ही मुद्दे खरेच आहेत. तथापि रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा घरातल्या मागच्या खोलीत ऐन मध्यरात्री शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीसमोर जो पेच उभा राहतो, त्याचे स्वरूप एवढ्याने ध्यानात येत नाही. गोंधळून गेलेला, खाटेवरून उतरू पाहणारा, सलाईनची सुई किंवा लघवीची नळी ओढून काढणारा वृद्ध रुग्ण आणि त्याच्यापाशी एकटीच असलेली परिचारिका किंवा मदतनीस मावशी, असा तो प्रसंग असतो. त्यात रुग्णाचे हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधायचे की मोकळे ठेवायचे हे तिला काही मिनिटांत ठरवावे लागते, आणि जे ठरेल त्याचा जाब पुढे तिलाच द्यावा लागतो. वृद्धशुश्रूषेतील बहुतेक सगळे ताण या एका निर्णयात एकवटलेले असल्यामुळे प्रस्तुत संवाद त्याच्याच आधाराने मांडला आहे.

संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत, परंतु त्यांच्या भूमिका परिचर्येच्या क्षेत्रात प्रत्यक्ष आढळणाऱ्या आहेत. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला अधिपरिचारिका, वॉर्डाची जबाबदारी सांभाळणारीला परिसेविका, संपूर्ण परिचर्या विभागाच्या प्रमुखाला अधिसेविका आणि परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. येथे एक भूमिका मेडिसिनचा वॉर्ड दीर्घकाळ चालवलेल्या परिसेविकेची आहे, तर दुसरी पाठ्यनिर्देशिकेची. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीपेक्षा अधिक होते, आणि त्यानंतर ते वाढतच गेले आहे. त्यामुळे दोघींचा हा वाद वृद्धांसाठी राखलेल्या एखाद्या कक्षापुरता राहिलेला नसून तो आता प्रत्येक वॉर्डाचा झाला आहे.

परिसेविका : मॅडम, तत्त्वाची चर्चा होण्यापूर्वी रात्रपाळीचे चित्र समोर असले पाहिजे. एका अधिपरिचारिकेकडे पूर्ण वॉर्ड, त्यात दोन रुग्ण अत्यवस्थ, एक नुकताच दाखल झालेला, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर ऐंशी वर्षांचे आजोबा, जे दर दहा मिनिटांनी उठून घरी निघतात. ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तर सकाळी चौकशीत पहिला प्रश्न येतो तो ‘सिस्टर कुठे होत्या?’ असा. सिस्टर दुसऱ्या रुग्णाच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावत होत्या, हे उत्तर कोणाला पटत नाही. अशा वेळी हात बांधणे क्रूरपणाचे नसते, आजोबांचा जीव वाचवण्याचा तो हाताशी असलेला एकमेव उपाय असतो.

पाठ्यनिर्देशिका : सिस्टर, तो उपाय आहे असे गृहीत धरले जाते, पण बांधल्याने पडणे थांबते, असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. बांधलेला रुग्ण अधिक घाबरतो, अधिक जोर लावतो, कठडा ओलांडून जाऊ पाहतो, आणि कठड्यावरून पडणारा माणूस खाटेच्या काठावरून पडणाऱ्यापेक्षा उंचावरून पडतो. शिवाय बांधलेल्या अवस्थेत तो कूस बदलू शकत नाही, पाण्याचा पेला उचलू शकत नाही, लघवीला लागली हे हाताने दाखवू शकत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील मांसल भाग जवळजवळ एक किलोने घटल्याचे आढळले. निरोगी माणसाची ही गत असेल, तर आजारी माणूस आठवडाभर बांधून ठेवल्यावर पुन्हा पायांवर उभा राहील अशी अपेक्षा कशी करता येईल?

येथे एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. वृद्ध रुग्णाला रुग्णालयात अचानक होणारा हा गोंधळ म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो. याउलट डिलिरियम म्हणून ओळखला जाणारा तीव्र संभ्रम काही तासांत किंवा दिवसांत उद्‌भवतो, दिवसभरात कमीजास्त होतो, आणि संध्याकाळनंतर अनेकदा बळावतो. त्याचे मूळ बहुधा शरीरात अन्यत्र असते, मग तो लघवीचा जंतुसंसर्ग असो, तुंबलेली लघवी असो, चार दिवसांचा मलावरोध असो, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे असो, न सांगता आलेली वेदना असो अथवा नव्याने सुरू झालेले एखादे औषध असो. डिलिरियम ओळखण्यासाठी शॅरन इनूये या वैद्यक संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत चार गोष्टी पाहते : अचानक सुरू होऊन चढउतार होणारी स्थिती, एका गोष्टीवर लक्ष न टिकणे, विचारांतील विस्कळीतपणा, आणि जागृतीच्या पातळीतील बदल. यांपैकी पहिल्या दोन आणि उरलेल्या दोहोंपैकी एक आढळल्यास डिलिरियम असल्याचे मानले जाते.

परिसेविका : ही चार लक्षणे वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला दुपारीच कळतात. सकाळी नातवाचे नाव सांगणारी आजी चार वाजता चादरीवरचे नसलेले धागे वेचू लागली, की रात्री काय होणार हे समजतेच. अडचण पुढची आहे. ते लक्षात आल्यावर करायचे काय? डॉक्टरांना कळवले तर ‘वयच झाले आहे’ असे उत्तर येते, नाही तर झोपेचे इंजेक्शन लिहून मिळते.

पाठ्यनिर्देशिका : आणि झोपेच्या त्या औषधांपैकी काही औषधे संभ्रम वाढवतात. दारू अचानक सुटल्यामुळे झालेला संभ्रम वगळला, तर बेन्झोडायझेपाइन गटातील गोळ्या अशा रुग्णाला सहसा टाळाव्यात असेच शिकवले जाते. पट्टीने बांधणे दिसते तरी, औषधाने बांधणे दिसतही नाही.

परिसेविका : दिसत नाही म्हणूनच तर त्याबद्दल कोणी सिस्टरला रागावत नाही, मॅडम.

पाठ्यनिर्देशिका : मग जो रुग्ण उठत नाही, ओरडत नाही, नुसता पडून राहतो, त्याचे काय? संभ्रमाचा तो दुसरा, निपचित प्रकार आहे. ‘आजोबा शांत आहेत’ अशी नोंद पुढच्या पाळीकडे जाते, आणि मूळ आजार आत वाढत राहतो.

यावर परिसेविकेकडे प्रत्युत्तर नाही, आणि तिचे गप्प राहणे प्रामाणिकपणाचे आहे. गजबजलेल्या वॉर्डात शांत रुग्णाचे आभार मानले जातात आणि त्याच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते. मात्र या ठिकाणी परिसेविका जो मुद्दा मांडते तो पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो, म्हणून तो सविस्तर दिला आहे.

परिसेविका : संभ्रमातल्या रुग्णाशी बोलावे, त्याला वार, वेळ, ठिकाण पुन्हा पुन्हा सांगावे, असे विद्यार्थिनींना शिकवले जाते. कोणत्या भाषेत सांगावे? गोंधळलेले माणूस आपल्या बोलीत परत जाते. चाळीस वर्षे मुंबईत काढलेल्या आजी रात्री मालवणीत बोलू लागतात, जळगावकडचे आजोबा अहिराणीत, आणि ड्युटीवरची मुलगी केरळची असते, जिने कष्टाने शिकलेली मराठी ही शहरातली मराठी असते. आजी ‘मुताक जावचा हा’ म्हणतात तेव्हा त्या लघवीला जायचे म्हणत आहेत हे तिला कळत नाही. तिला एवढेच दिसते की रुग्ण खाटेवरून उतरत आहे. मग हात बांधले जातात. तिच्या ममतेत कमतरता नसते, तिला फक्त तो शब्द माहीत नसतो.

पाठ्यनिर्देशिका : हे निरीक्षण मोलाचे आहे, आणि त्यावरचा उपाय महागही नाही. दाखल करून घेतानाच नातेवाइकांना चार गोष्टी विचाराव्यात : रुग्ण घरी कोणती बोली बोलतो, लघवीला आणि पाण्याला कोणता शब्द वापरतो, त्याला घरात काय म्हणून हाक मारतात, आणि चष्मा व कानाचे यंत्र कुठे आहे. चष्मा हरवू नये म्हणून नातेवाईक तो घरी घेऊन जातात, आणि रुग्णाला समोरचा चेहरा दिसेनासा होतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात इनूये यांनीच केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० वर्षांवरील ८५२ रुग्ण होते. चष्मा आणि श्रवणयंत्र देणे, पाणी पाजणे, चालवणे, रात्री झोपमोड टाळणे, ओळखीच्या गोष्टींविषयी बोलणे अशी साधी कामे ठरवून केली, तेव्हा संभ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. यात नवे औषध एकही नव्हते.

परिसेविका : पण ती कामे करायला प्रशिक्षित स्वयंसेवक होते ना, मॅडम? येथे ती कामे अधिपरिचारिकेच्या यादीत आणखी पाच ओळी म्हणून वाढतील.

पाठ्यनिर्देशिका : येथे खाटेशेजारी नातेवाईक बसलेला असतो. त्याला ‘बाहेर थांबा’ म्हणण्याऐवजी यातली दोन कामे नीट शिकवून द्यावीत.

या उत्तरात तथ्य आहे, परंतु ते पुरते नाही, कारण खाटेशेजारी बसलेला नातेवाईक म्हणजे अनेकदा दिवसभर नोकरी करून आलेली सून किंवा लेक असते आणि तिची झोप हीदेखील मर्यादित गोष्ट आहे. रुग्णालयातून घरी गेल्यावर हे ओझे ज्या स्त्रीवर येते तिचा विचार दोघींनी पुढे केला आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा वेळी ‘ब्युरो’कडून मावशी ठेवली जाते. ब्युरो म्हणजे परिचारिका व मदतनीस पुरवणारी खासगी मध्यस्थ संस्था, जी आपला वाटा कापून घेऊन बाकीचे पैसे काम करणारीला देते. आणि मावशी म्हणजे बारा किंवा चोवीस तास रुग्णाजवळ राहणारी, बहुधा कोणतेही औपचारिक प्रशिक्षण न घेतलेली स्त्री. परिचारिका होण्यासाठीचा एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा असतो व त्यानंतर परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. मावशीची अशी कोठेही नोंदणी नसते, आणि तरीही नळीतून अन्न घालण्यापर्यंतची कामे तिच्याकडून करून घेतली जातात.

पाठ्यनिर्देशिका : घरातली हानी बहुतांशी अज्ञानातून होते. झोपलेल्या स्थितीत चमच्याने पाणी पाजले जाते, ते श्वासनलिकेत जाते, आणि न्यूमोनिया होतो. गिळण्यास त्रास असलेल्याला पाण्यापेक्षा किंचित घट्ट पदार्थ, आणि तोही ताठ बसवून, अधिक सुरक्षित असतो हे कोणी सांगितलेले नसते. माकडहाडावर लाली दिसली की स्पिरिट आणि पावडर लावून चोळले जाते, वास्तविक आधीच दुखावलेली त्वचा चोळल्याने आणखी फाटते. शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी सतत दाब आल्याने पडणारी जखम, कोणाला होऊ शकते हे आधी ओळखण्यासाठी डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने १९६२ मध्ये गुणपद्धती दिली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालण्याची क्षमता, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा यांना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे आणि बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली की सावध व्हायचे. हे मावशीला एका दुपारी शिकवता येईल.

परिसेविका : शिकवता येईल, आणि शिकवलेच पाहिजे. परंतु दर दोन तासांनी कूस बदलायची तर रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते. जी स्त्री दिवसभर त्याच रुग्णाला उचलते, धुते, भरवते, तिने रात्री पुन्हा किती वेळा उठावे? ‘चोवीस तासांची मावशी’ या व्यवस्थेत ती झोपणार कधी हे कोणी विचारत नाही. ‘आजी झोपल्या की तीही झोपते’ असे घरचे म्हणतात, आणि आजी तर रात्री झोपतच नाहीत. वॉर्डात निदान आठ तासांनी दुसरी सिस्टर येते. त्या मावशीने तिसऱ्या रात्री ओढणीने आजींचा हात खाटेला बांधला, तर तिला राक्षसीण ठरवण्याआधी तिच्या झोपेचा हिशेब मागितला पाहिजे.

संवादात इथे बाजू बदललेल्या दिसतात. वॉर्डात बांधण्याचे समर्थन करणारी परिसेविका घराच्या बाबतीत त्याचे समर्थन करत नाही. तिचा रोख शुश्रूषा करणारीच्या असहायतेकडे आहे, आणि खरे पाहता पहिल्यापासून तो तिकडेच होता. मावशीच्या असहायतेत आणखीही काही मिसळलेले असते, ज्याविषयी सभ्य घरांत बोलले जात नाही. तिचा कप वेगळा ठेवला जातो, तिची जात नावावरून चाचपली जाते, आणि ज्या हातांनी घरातल्या वडीलधाऱ्याचे मलमूत्र काढले जाते त्या हातांनी ओट्याला शिवू नये अशी अपेक्षा असते. मेंदूच्या आजारामुळे संयम सुटलेला पुरुष रुग्ण तिच्याशी अश्लील बोलतो किंवा लगट करतो, तेव्हा ‘त्यांना काय कळते आता’ असे म्हणून विषय संपवला जातो. रुग्णाला कळत नसते हे खरे असले, तरी तिला कळत असते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे आणि जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद केली आहे, पण त्या समितीपर्यंत पोहोचण्यासाठी तिला आधी ब्युरोचे काम गमावण्याची तयारी ठेवावी लागते. असे प्रसंग दडपले जाऊ नयेत, पुरुष मदतनीस ठेवावा, अंघोळीच्या वेळी घरातले कोणी जवळ असावे, एवढे तरी कुटुंबाने स्वतःहून करायला हरकत नाही.

पाठ्यनिर्देशिका : तरीही केवळ असहायतेच्या आधारे बोलत राहिले, तर चांगली शुश्रूषा शक्यच नाही असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये प्राणघातक हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी केली. त्यांच्यासंबंधीच्या ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या निष्ठेची प्रशंसा केली, आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही शानबाग यांना शय्याव्रण झाले नाही याची नोंद घेतली. मनापासून केलेली सेवा काय करू शकते, याचे याहून मोठे उदाहरण भारतात नाही.

परिसेविका : उदाहरण बरोबर आहे, मॅडम, पण कारण अर्धेच सांगितले. निष्ठा होतीच, शानबाग त्यांच्यातल्याच एक होत्या. पण त्या निष्ठेला पाळ्या होत्या. रात्रीची सिस्टर सकाळी घरी जात होती आणि तिच्या जागी ताज्या डोळ्यांची दुसरी येत होती, निवृत्त होणाऱ्यांच्या जागी नव्या मुली येत होत्या, आणि प्रत्येकीला मागचीने काय केले हे सांगितले जात होते. चार दशके कोणा एकीने ते केले असते, तर दुसऱ्याच वर्षी तिची पाठ मोडली असती.

केईएमच्या उदाहरणाचा हा अर्थ पहिल्या अर्थाहून अधिक टिकाऊ आहे, असे म्हटले पाहिजे. परिचारिकेच्या त्यागाचे कौतुक करताना तिच्या पाळीचे, बदलीच्या माणसाचे आणि हँडओव्हरचे, म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला रुग्णाची स्थिती समजावून सोपवण्याचे, महत्त्व झाकोळले जाते, आणि मग प्रत्येक घरातल्या एकाकी स्त्रीकडून त्याच त्यागाची मागणी केली जाते. पाठ्यनिर्देशिकेनेही हा मुद्दा मान्य केला आणि संवाद पुन्हा बांधण्याच्या प्रश्नाकडे वळवला.

पाठ्यनिर्देशिका : बांधण्याविषयी कायदा काय म्हणतो हे पाहण्यासारखे आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ होऊ शकणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि आवश्यक तेवढाच वेळ शारीरिक बंधन घालता येते. ते शिक्षा म्हणून घालता येत नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून तर नाहीच नाही. प्रत्येक वेळी पद्धत आणि कारण नोंदवावे लागते. हे कलम मानसिक आरोग्य संस्थांना लागू आहे. मेडिसिनच्या वॉर्डातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना ते लागू होत नाही. त्यांचे हात मात्र तितकेच दुखतात. हीच कसोटी सर्व वॉर्डांनी स्वतःहून स्वीकारावी आणि बांधण्याच्या प्रत्येक प्रसंगाची कारणासह नोंद करावी.

परिसेविका : कारणाच्या रकान्यात काय लिहिणार? ‘रुग्ण आक्रमक’ असे लिहिले जाईल, कारण ते लिहिणे सुरक्षित असते. खरे कारण बहुतेक रात्री एकच असते : दुसरी सिस्टर नव्हती. ते लिहिण्याची हिंमत नवी मुलगी करणार नाही, आणि जुनीही करणार नाही.

पाठ्यनिर्देशिका : मग ते तिने लिहूच नये. नोंदीच्या कागदावर ते कारण आधीच छापलेले असावे. वेदना तपासली का, लघवी तुंबली आहे का, चष्मा लावला का, नातेवाइकाला बोलावले का, असे प्रश्न आधी, आणि त्यांच्या खाली ‘या वेळी वॉर्डात परिचारिका किती, रुग्ण किती’ असे दोन आकडे. तिने फक्त आकडे भरावेत. दर महिन्याला ते कागद अधिसेविकेने एकत्र वाचावेत.

परिसेविका : आकडे भरायला मुली तयार होतील. पण त्या कागदाच्या तळाशी सही कोणाची, हे आजच ठरले पाहिजे. बांधणारीची सही असेल, तर चौकशीत पुन्हा तोच कागद तिच्याविरुद्ध ठेवला जाईल. तिच्या सहीशेजारी, त्या रात्रीची ड्युटी ज्यांनी लावली त्यांचीही सही हवी.

पाठ्यनिर्देशिका : म्हणजे सिस्टर, आपल्या वॉर्डापुरती ती आपलीच असेल.

परिसेविका : हो. आणि अधिसेविकांकडे दुसरी सिस्टर मागितल्याची तारीखही त्याच कागदावर असेल.